घरच्या फोटोंतलें माणूस

गेल्या माघांत आमच्या आत्याबाई वारल्या. पन्नास वर्षें त्या आमच्याच घरीं होत्या. घरांतील दोन पिढ्यांच्या मुंजी, बारशीं आणि बाळंतपणें त्यांच्या हातांखालून गेलीं. तेराव्याच्या आधीं चौरंगावर ठेवावयास त्यांचा एक फोटो हवा, असें निघालें आणि सारी मंडळी शोधास लागली. फोटोंची आमच्या घरीं वाण नाहीं. तीन जाडे अल्बम आहेत, एक पत्र्याची पेटी भरून सुटे फोटो आहेत, आणि मुलांच्या फोनांतून किती साठले आहेत त्याची गणती कोणीं केलेली नाहीं. दोन रात्री सर्व धुंडाळलें. आत्याबाई शेंकडों फोटोंत होत्या. पण कोठें दाराआड अर्ध्या, कोठें वाढतांना पाठमोऱ्या, कोठें डोळे मिटलेल्या, कोठें कोणाच्या तरी खांद्यामागें. जेथें समोर पाहत होत्या तेथें तोंड काळवंडलेलें. अखेर एका मुंजीच्या समूहचित्रांतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. फोटोवाल्यानें आपल्या रीतीप्रमाणें मागें निळें आकाश घातलें आणि खांद्यांवर जरीची शाल चढवून दिली. आत्याबाईंनीं जन्मांत जरीची शाल पांघरली नव्हती. तो फोटो आज माजघरांत लावलेला आहे. त्यांतील बाई आत्याबाईच आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. पुढच्या पिढीस तें सांगावें लागेल.

त्या शेंकडों फोटोंपैकीं निम्मे आम्हीं स्वतः काढलेले होते, हें येथें कबूल केलेंच पाहिजे. आमच्या हातीं पहिला कॅमेरा आला त्यास तीस वर्षें होऊन गेलीं. मध्यंतरीं तीन कॅमेरे बदलले, तेव्हां दोष यंत्राचा म्हणतां येत नाहीं. हौस नव्हती असेंहि नाहीं. सणावारीं, लग्नकार्यांत, सहलींत कॅमेरा आमच्या गळ्यांत असावयाचाच. मग तीस वर्षांत साधा एक माणसाचा फोटो आम्हांस धड काढतां येऊं नये, याचें कारण काय? विचार करतां आम्हांस असें दिसून आलें कीं, या सर्व काळांत आमच्या फोटोंविषयीं घरांत आम्हीं एकच अभिप्राय ऐकला होता, आणि तो म्हणजे 'छान'.

हा शब्द वाईट आहे असें कोण म्हणेल? पानांतील भाजीस 'छान' म्हटलें कीं करणारीच्या श्रमाचें चीज होतें. परंतु संहिता म्हणणाऱ्या मुलाच्या प्रत्येक स्वरास गुरुजी 'छान' म्हणूं लागले, तर उदात्त कोणता आणि अनुदात्त कोणता हें त्या बटूला कधींच कळणार नाहीं. आमची गत त्या बटूसारखीच झाली होती. फोटो दाखवावा, चारचौघांनीं मान हालवावी, आपण सुखावून कॅमेरा कपाटांत ठेवावा. आणि पुढच्या सणास तीच चूक नव्या उत्साहानें करावी.

घरांत आतां वडीलधाऱ्या म्हणजे आमच्या थोरल्या काकू. वय ८१. चैत्रपाडव्याच्या दिवशीं आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, काकूंचा एक तरी चांगला फोटो काढावयाचा, आणि तो येईपर्यंत दर रविवारीं काढीत राहावयाचें. हेतु अर्थात् त्यांना सांगितला नाहीं. त्यांनीं तो पहिल्याच दिवशीं ओळखला. "चौरंगासाठींच ना रे? काढ, काढ. मला घाई नाहीं," असें म्हणून त्या माजघरांतल्या पूर्वेच्या खिडकीपाशीं येऊन बसल्या.

पहिल्या रविवारचा फोटो सर्वांस दाखविला. नेहमीचा अभिप्राय मिळाला. काकूंनीं मात्र चष्मा लावून तो दोनदां पाहिला आणि विचारलें, "मी इतकी काळी आहें का रे?" घरांतील मंडळी हंसली, कोणी त्यांची समजूत घातली. आम्हीहि हंसणारच होतों. पण मनांत आलें कीं, म्हातारी खरें तेंच सांगते आहे. फोटोंत खिडकीचे गज, बाहेरचा आंबा, त्याचा मोहर, सर्व कसें लख्ख होतें. आणि काकूंच्या जागीं एक सांवली बसली होती.

असें होण्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास काकू ठाऊक नाहींत; त्याला एकूण उजेड तेवढा कळतो. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेची यावी, एवढाच त्याचा ढोबळ हिशेब. पाठीमागें लखलखीत खिडकी असली कीं उजेड फार झाला असें समजून तो प्रकाश तोडतो. त्यामुळें खिडकी ठीक उतरते आणि चेहरा काळोखांत जातो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढें पांढरें पातळ नेसलेली बाई बसली तरी तेंच. उलट काळ्या पडद्यापुढें तोच चेहरा पिठासारखा पांढरा होतो. अलीकडचे फोन चेहरा ओळखून हा हिशेब पुष्कळ सुधारतात, तरी खिडकीपुढें तेहि फसतात. उपाय दोन : माणसास वळवून खिडकी त्याच्या एका बाजूस घ्यावी, किंवा तें शक्य नसेल तर एक्स्पोझर आपण होऊन एक ते दोन पायऱ्या वाढवावें. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची खूण वर सरकविली कीं हें साधतें. तीस वर्षें ज्या कारणानें आत्याबाईंचें तोंड काळवंडत होतें, तें कारण काकूंच्या एका प्रश्नानें आम्हांस सांपडलें.

येथून आमचें खरें शिक्षण सुरू झालें. घरांत टीका होत नाहीं हा आमचा समज चुकीचा होता. टीका पदोपदीं होते. फक्त ती कॅमेऱ्याच्या भाषेंत होत नाहीं आणि करणाराला आपण टीका करीत आहों याची जाणीवहि नसते. ती आपली आपण भाषांतर करून घ्यावी लागते. आम्हीं एक शंभरपानी वही घातली. डाव्या पानावर ज्याचा उद्गार त्याच्याच शब्दांत लिहावयाचा, आणि उजव्या पानावर त्याचें कारण शोधून मांडावयाचें. त्या वहींतील कांहीं नोंदी वाचकांपुढें ठेवतों.

धाकटी सून म्हणाली, "माझें नाक एवढें मोठें केव्हांपासून झालें?" फोटो हातभर अंतरावरून घेतलेला होता. नाकाचा शेंडा आणि कान यांत सुमारें १२ सेंटिमीटरांचें अंतर असतें. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरांवर असला तर कान ५२ वर राहतात, म्हणजे कानांच्या मानानें नाक तीस टक्के मोठें उमटतें. तोच कॅमेरा दोन मीटर मागें नेला तर हा फरक सहा टक्क्यांवर येतो आणि नाक पूर्ववत् होतें. दोष सुनेच्या नाकांत नव्हता आणि भिंगांतहि नव्हता. आमच्या पायांत होता. तेव्हांपासून चेहऱ्याच्या फोटोस आम्ही दोन मीटरांच्या आंत जात नाहीं. चेहरा मोठा हवा असेल तर मागें राहूनच लांब पल्ल्याचें भिंग वापरतों, किंवा मागाहून कडा कापतों.

चार वर्षांच्या नातवानें अंगणांतील फोटो पाहून टाळ्या पिटल्या : "आजीच्या डोक्यांतून तुळस उगवली!" आम्हांस ती तुळस फोटो काढतांना दिसलीच नव्हती, कारण डोळा ज्यावर मन असतें तेवढेंच पाहतो, आणि कॅमेरा चौकटींतील सर्व कांहीं सारख्याच श्रद्धेनें टिपतो. एक पाऊल डावीकडे सरकलें असतें तर वृंदावन आपल्या जागीं राहिलें असतें. आतां बटण दाबण्यापूर्वीं चौकटीच्या चारी कडांवरून एकदां नजर फिरविण्याचा आमचा परिपाठ आहे. यास दोन सेकंदहि लागत नाहींत. पण या दोन सेकंदांत किती खांब, किती दोऱ्या आणि वाळत घातलेले किती कपडे माणसांच्या डोक्यांवरून उतरले, तें सांगतां सोय नाहीं.

गतवर्षींच्या मंगळागौरीच्या फोटोविषयीं माहेरवाशिणींचें म्हणणें असें कीं, पुढच्या पिठाच्या आणि मागच्या कोळशाच्या. हा फ्लॅशचा स्वभाव. अंतर दुप्पट झालें कीं त्याचा उजेड निम्मा न होतां एकचतुर्थांश होतो. पुढली रांग दीड मीटरावर आणि मागली तीनवर असेल, तर मागच्या बायकांच्या वांट्यास पाव हिस्सा उजेड येतो. सर्वांस अर्धवर्तुळांत सारख्या अंतरावर बसवावें, अगर कॅमेऱ्यासह पुष्कळ मागें जावें. त्याहून उत्तम म्हणजे दिवसाढवळ्या ओटीवर फोटो घ्यावा. "हालला आहे" ही तक्रार तर नेहमींची, पण तींत दोन भेद आहेत. सगळेंच पुसट असेल तर हात हालला. भिंत स्पष्ट आणि मूल पुसट असेल तर मूल हाललें. पहिल्यास कोपर भिंतीस टेकवावें. दुसऱ्यास शटरचा वेग वाढवावा : बसलेल्या माणसास सेकंदाचा साठावा भाग पुरतो, धांवत्या पोरास पांचशेवा लागतो.

भाषांतर न होणारी टीकाहि असते. तिच्यासाठीं आम्हांस बाहेरचें माणूस लागलें. आमच्या आळींत चित्रकलेचे एक सेवानिवृत्त मास्तर राहतात. चौथ्या रविवारचा फोटो घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलों. चेहरा उजळ होता, नाक जागेवर होतें, मागें तुळस नव्हती. मनांतून आम्ही शाबासकीच्याच अपेक्षेनें गेलों होतों. मास्तरांनीं फोटो उलटा धरून पाहिला. उलटा धरला म्हणजे माणूस दिसेनासें होतें आणि कोठें उजेड, कोठें अंधार एवढेंच उरतें, असें त्यांनीं सांगितलें. मग विचारलें, "अहो, हें चित्र कोणाचें?" आम्ही म्हणालों, "आमच्या थोरल्या काकूंचें." "मग त्या आहेत कोठें? मला तर ही भिंतीवरच्या कॅलेंडराची तसबीर दिसते." जुन्या लग्नपत्रिकेचे त्यांनीं काटकोनांत दोन तुकडे कापले, ते फोटोवर ठेवून चौकट लहान लहान करीत आणली, कॅलेंडर गेलें, खुर्चीचे पाय गेले, अर्धी भिंत गेली, आणि काकू एकाएकीं आम्हांपुढें येऊन बसल्या. "एवढेंच पाहिजे होतें ना? मग बाकीचें कशाला काढलेंत?" याहून अधिक ते कांहीं बोलले नाहींत. तेव्हांपासून ते दोन तुकडे आमच्या वहींत असतात.

चांगलें कीं वाईट असें मास्तरांस विचारण्यांत अर्थ नसतो, हेंहि आम्ही लवकरच शिकलों. "प्रथम कोठें नजर गेली? मग कोठें? कोठें अडली?" असे प्रश्न केले कीं कोणीहि, अगदीं फोटोशास्त्राचा गंध नसलेला पाहुणाहि, उपयोगी उत्तर देतो. आपली कृति एकमेकांपुढें मांडून शिकण्याची ही वहिवाट आपल्या प्रांतांत जुनी आहे. फोटोग्राफीची कला १८३९ मध्यें पॅरिसांत जाहीर झाली आणि १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली सुद्धां, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे आरंभींच्या हिंदी छायाचित्रकारांपैकीं तिचे सभासद होते. पुढें १९३७ मध्यें मुंबईंतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. ज्यांच्या आळींत मास्तर नाहींत त्यांनीं अशा एखाद्या मंडळांत जावें. तेथें 'छान' ऐकावयास मिळेलच असें नाहीं, हा त्याचा गुण.

मात्र सर्वांची सर्व टीका शिरसावंद्य मानावी, असें आमचें म्हणणें नाहीं. या बाबतींत ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची हकीकत आम्हांस फार मननीय वाटते. यांचा जन्म १८१५ मध्यें कलकत्त्याचा. मुलें मोठीं झालीं, लेक सासरीं गेली. आणि १८६३ च्या डिसेंबरांत लेक-जांवयांनीं त्यांना एकटेपणाचा विरंगुळा म्हणून एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं बाईंचें वय ४८. इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नांवाचें बेट आहे, तेथें त्यांचें बिऱ्हाड होतें. कोळशाची कोठी त्यांनीं काळोखी खोली केली आणि कोंबड्यांच्या कांचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. त्या काळीं कांचेवर ओलें रसायन पसरून ती ओली आहे तोंच फोटो घ्यावा व धुवावा लागे. हात, कपडे, सर्व काळे होत. गांवांतील एका शेतकऱ्यास बसवून घेतलेलें पहिलें चित्र त्यांनीं ओल्या कांचेवर हात फिरवून स्वतःच पुसून टाकलें. तथापि महिन्याभरांतच, १८६४ च्या जानेवारींत, एका लहान मुलीचें चित्र साधलें आणि तेंच आपलें पहिलें यश असें त्यांनीं लिहून ठेवलें. पुढें त्यांनीं कोणास म्हणून सोडलें नाहीं. घरच्या मोलकरणी, शेजारचीं मुलें, शेजारी राहणारे कवि टेनिसन, सर्वांस त्या कित्येक मिनिटें निश्चल बसवून ठेवीत.

लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या त्या सभासद झाल्या, आणि तेथील जाणत्यांनीं त्यांच्यावर झोड उठविली : चित्रें धूसर आहेत, कांचेवर डाग आहेत, ओरखडे आहेत. आमच्या मतें डागांविषयींची टीका रास्त होती. पण धूसरपणाचें तसें नव्हतें. भिंग फिरवितां फिरवितां जेथें चेहरा सुंदर दिसला तेथेंच बाई थांबत. त्यापुढें रेखीवपणासाठीं फिरवीत नसत. हें त्यांनीं जाणून केलें होतें, आणि तें त्यांनीं सोडलें नाहीं. याचा अर्थ त्या कोणाचें ऐकतच नसत असा नाहीं. ज्योतिर्विद सर जॉन हर्शल हे त्यांचे जुने स्नेही. फोटो कायम करण्यासाठीं हायपोचा उपयोग त्यांनींच दाखविला आणि 'निगेटिव्ह' हा शब्दहि त्यांनींच रूढ केला. त्यांना त्या आपलीं चित्रें पाठवीत आणि चित्रकार वॉट्स यांचा सल्ला घेत. १८६७ मध्यें त्यांनीं काढलेलें वृद्ध हर्शलांचें चित्र ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तें विसरणें कठीण आहे. काय ऐकावें आणि काय सोडावें, हा विवेक आम्हांस त्यांच्या उदाहरणावरून थोडा उमगला : आपण जें मुद्दाम केलें त्यावरची टीका तपासून पाहावी, आणि जें आपल्या नकळत झालें त्यावरची निमूटपणें मान्य करावी.

आपल्याकडील होमाई व्यारावाला यांचाहि आरंभ असाच घरगुती. नवसारीस १९१३ मध्यें जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिक्षण, कॅमेरा शिकल्या त्या माणेकशॉ व्यारावाला यांच्यापाशीं, जे पुढें त्यांचे पति झाले. कलाशाळेंतील मैत्रिणी हेच आरंभींचे विषय, आणि आरंभींचीं कांहीं चित्रें छापून आलीं तीं माणेकशॉंच्या नांवावर. भारतांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ख्याति झाली. पद्मविभूषण मिळालें तें २०११ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं.

आतां अभ्यासाविषयीं. टीका कितीहि मार्मिक असली तरी तेंच चित्र पुन्हां काढल्याशिवाय ती अंगीं लागत नाहीं. अमेरिकेंतील एडवर्ड वेस्टन याचें उदाहरण गृहिणींस विशेष आवडेल, कारण तें स्वयंपाकघरांतलें आहे. हा थोर छायाचित्रकार १९२९ आणि १९३० या सालीं ढोबळ्या मिरचीचे फोटो काढीत बसला होता. एक काढावा, पाहावा, उजेड बदलावा, मागचा पडदा बदलावा, पुन्हां काढावा. शेवटीं १९३० च्या ऑगस्टांत त्यानें एक मिरची पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेवून पाहिली. आंतल्या वळणदार पत्र्यावरून परतलेला उजेड तिच्या अंगावर असा कांहीं पसरला कीं, एखाद्या मल्लाची पाठ पाहावी! तें चित्र 'मिरची क्रमांक ३०' या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. आम्हींहि मोठ्या आशेनें मिरची आणली. परंतु चौथा फोटो होण्यापूर्वींच ती भरून ताटांत आली. असो.

डिजिटल कॅमेऱ्यानें अभ्यासाचा खर्च नाहींसा केला, आणि आमच्या मतें थोडी हानीहि केली. पूर्वीं चौरस फोटोंचा रोल घेतला तर त्यांत १२ फोटो निघत. प्रत्येक बटणामागें पैसे जात, म्हणून प्रत्येक बटणामागें विचार असे. आतां एका वाढदिवसाचे तीनशें फोटो निघतात आणि ते पुन्हां कोणी पाहत नाहीं. म्हणून आम्हीं नियम केला : रविवारीं बाराच फोटो, तीच खिडकी, तीच खुर्ची, त्याच काकू, आणि एका वेळीं एकाच गोष्टींत बदल. फोटोच्या पोटांत शटर, अ‍ॅपर्चर आणि वेळ हें सारें आपोआप नोंदलें जातें. तें वहींत उतरवून घेतलें म्हणजे आज काय बदललें आणि काय घडलें, याचा ताळा पडतो. उजेड आणि अंतर एकदम बदलाल तर सुधारणा कशानें झाली तें कळणार नाहीं.

या रीतीनें काय हातीं लागलें तें थोडक्यांत सांगतों. सकाळीं साडेआठचें ऊन थेट चेहऱ्यावर घेतलें तर प्रत्येक सुरकुती नांगराच्या तासासारखी दिसते. त्यावर उपाय म्हणून खिडकीवर काकांचें धुऊन मऊ झालेलें जुनें धोतर टांगलें; ऊन त्यांतून गाळून आलें आणि चेहरा निवला. काकू म्हणाल्या, "हे गेले, पण धोतर अजून माझ्यासाठीं उभें आहे बघ." चेहऱ्याची दुसरी बाजू काळी राहत होती, तिकडे मुलानें पांढरी चादर धरली तेव्हां ती उजळली. सातव्या रविवारीं आमच्या लक्षांत आलें कीं, फोननें आपण होऊन सुरकुत्या पुसून टाकल्या आहेत. घरांतील तरुण मंडळीस तें फार आवडलें. काकूंनीं विचारलें, "ही कोण?" त्याच दिवशीं फोनमधील ती सौंदर्याची युक्ति बंद केली. एका जरीच्या शालीनें आमचें समाधान झालेलें आहे.

तरीहि कांहीं केल्या फोटोंत काकू येईनात. उजेड आला, अंतर आलें, चौकट आली. पण कॅमेरा वर केला कीं त्या देवळांतल्या मूर्तीसारख्या ताठ होत. "काकू, जरा हंसा पाहूं," म्हणावें तर दांत लपविण्यासाठीं ओठ अधिकच घट्ट मिटत. नऊ आठवडे हेंच चाललें. मास्तरांनीं नऊ फोटो ओळीनें मांडून पाहिले आणि पुन्हां एक प्रश्न केला : "बाई एरवीं या खिडकींत बसून काय करतात?" वाती वळतात, असें आम्हीं सांगतांना आमचें आम्हांसच हंसूं आलें. नऊ रविवार आम्ही त्यांच्या हातांतला कापूस बाजूस ठेवून फोटो काढीत होतों!

अशा वेळीं हात तयार नसेल तर काय उपयोग, हेंहि सांगितलें पाहिजे. १९४१ च्या नोव्हेंबरांत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा छायाचित्रकार न्यू मेक्सिको संस्थानांतील हर्नांडेझ या खेड्यावरून मोटारीनें जात होता. सूर्य बुडत होता, स्मशानांतील पांढऱ्या क्रूसांवर शेवटचें ऊन होतें, वर चंद्र आला होता. घाईंत प्रकाशमापक सांपडेना. पण चंद्राचें तेज किती, हा आंकडा त्याला पाठ होता. त्यावरून मनांतच हिशेब करून त्यानें एक फोटो घेतला, आणि दुसऱ्याची तयारी होते तों ऊन गेलें. या अ‍ॅडम्सनें तरुणपणीं पियानोवादक होण्यासाठीं कित्येक वर्षें मेहनत केली होती. रियाझ कशासाठीं करावयाचा, हें त्याला निराळें सांगावें लागलें नसेल.

आमचा हिशेब त्या मानानें अगदीं लहान. दहाव्या रविवारीं पाऊस होता, उजेड पुरला नाहीं. अकराव्या रविवारीं खिडकीवर धोतर होतें, मुलाच्या हातांत चादर होती, आम्ही दोन मीटरांवर भिंतीस कोपर टेकून उभे होतों, आणि काकूंच्या मांडीवर कापसाची परडी होती. यांपैकीं कशाकडेहि आम्हांस मुद्दाम लक्ष द्यावें लागलें नाहीं; सारें लक्ष त्यांच्याकडे होतें. त्या वाती वळीत होत्या आणि नातवास कसलीशी गोष्ट सांगत होत्या. गोष्टींत अडखळून, पुढें काय झालें तें आठवावें म्हणून त्यांनीं मान वर केली. आम्हीं बटण दाबलें. त्या दिवशीं बारांपैकीं सातच फोटो झाले.

संध्याकाळीं तो फोटो घरांत फिरला. 'छान' कोणीच म्हणालें नाहीं. नातू म्हणाला, "आजी आतां पुढचं सांगणार आहे." काकूंनीं चष्मा लावला, फोटो हातांत घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग माजघरांतल्या त्या जरीच्या शालीकडे पाहून त्या म्हणाल्या, "वन्संचा असा एक काढायला हवा होतास रे." आणि खिडकीवरचें धोतर अजून तसेंच होतें, तें काढून घडी घालूं लागल्या.